तरटाचा जिना

वेदगंगेचा डोह आटला नसता, तर सत्याप्पानं सुतळीला होंड्यात घातलंच नसतं.

एरवी वैशाखातही डोहात म्हशी डुंबण्याइतकं पाणी असायचं. यंदा खालचा खडक उघडा पडला होता आणि त्यावर बायका धुणं वाळत घालत होत्या. पाणी दिसत होतं ते एकाच ठिकाणी, नेमिनाथअण्णांच्या मळ्यात. ते सरकारी योजनेतलं शेततळं. योजनेचं कन्नड नाव 'कृषी होंडा', म्हणून सगळा गाव त्याला होंडाच म्हणायचा. चारी बाजू तिरक्या उतरत्या, तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, भोवती जाळीचं कुंपण. फाटकाची किल्ली सत्याप्पाकडे असायची, कारण मोटर चालू-बंद करायचं काम त्याचं होतं.

सुतळी म्हणजे त्याच्या घरची मुधोळ कुत्री. लांब पाय, पाठीची कमान, आत गेलेलं पोट, बोटांनी मोजता येतील अशा बरगड्या. सत्याप्पाच्या मुलीनं, अक्षरानं, ती पिल्लू असताना दुधाच्या किटलीत बसवून आणली होती. निपाणीच्या कॉलेजात जाण्याआधी ती रोज पहाटे माळावर कुत्रीला पळवायची. तिच्या आईनं, सोनुबाईनं, धरून ठेवायचं, अक्षरानं माळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोन टाळ्या मारायच्या आणि लांबून हाक द्यायची, "सुतऽऽळे!" मग सोनुबाईच्या हातात फक्त वारा राहायचा.

रविवारी गावच्या जत्रेत कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. सुतळीचं नाव दिलेलं होतं. मैदानात कुत्री धरणारी गावातली पहिली पोरगी म्हणून अक्षराची कट्ट्यावर चर्चा होती, आणि साईराजच्या तोंडाला तर दुसरा विषयच नव्हता. साईराजचा कुत्रा, बुलेट, गेल्या जत्रेत पहिला आला होता. येता-जाता तो मोटारसायकल थांबवून विचारायचा, "काय अक्षरा, सुतळी फुटणार का यंदा? का वातच न्हाय?"

"जवळ उभा ऱ्हा, मग कळंल," अक्षरा म्हणायची.

सत्याप्पाला हे ऐकून हुरूप यायचा. तरुणपणी त्यानं शर्यतीचे बैल तयार केले होते. शर्यतीआधी बैलांना नदीत पोहवायचं, त्याला पोहणी म्हणतात. सत्याप्पाची पोहणी घेतलेला बैल दमत नाही, असं संकेश्वरपर्यंत लोक मानायचे. मैदान जवळ आलं तसं त्याचे हात शिवशिवायला लागले.

"हिला पोहणी द्यायची," जेवताना त्यानं जाहीर केलं. "छाती उघडत्या. पायाला वजन पडत न्हाय आन् दम वाढतोय."

"तिनं आजपातूर पाणी बघितलंय ते ताटलीतलं," सोनुबाई म्हणाली.

"कुत्र्याला पवाय शिकवाय लागतंय व्हय? आईच्या पोटातनं पवतच येतंय ते."

"आन् पाणी कुठाय?"

"अण्णांचा होंडा भरलाय की."

अक्षराला ते पटलं. बापाच्या बैलांच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं मळ्यावर गेली. सोनुबाई तशीही जाणारच होती. अण्णांच्या शेडमध्ये तंबाखूचे बोद, म्हणजे मोठाली पोती, भरायचं काम चाललं होतं आणि बोद शिवायला तरटाचे गठ्ठे येऊन पडले होते. हवेत तंबाखूची झिणझिणी होती. शेडमधल्या बायकांना लागोपाठ शिंका येत होत्या.

होंड्याच्या काठावर प्रेमलाकाकी उभ्या होत्या. नेमिनाथअण्णांच्या त्या मंडळी. हातात लांब बांबू, त्याच्या टोकाला बांधलेली पिठाची चाळण. रोज सकाळी त्या होंड्यातून मेलेले जीव काढायच्या. बेडूक, सरडे, कधी खार. आज चाळणीत एक खारच होती, भिजून बोटाएवढी झालेली. काकींचे ओठ हलत होते. णमोकार मंत्र संपल्यावर त्यांनी ती बांधाखाली पुरली.

"यांना चैत्रापासनं सांगतोय," त्या सोनुबाईला म्हणाल्या. इथल्या बायका स्वतःबद्दल असंच पुरुषी बोलतात. "एका कोपऱ्यात तरटाची पट्टी सोडा, जिवांना चढाय ईल. तर म्हणत्यात, कागद फाटंल."

"फाटंलच की," मागून येणारे नेमिनाथअण्णा म्हणाले. "एकदा फाटला म्हंजे सगळं पाणी भुईत. मग जिवांनी काय प्यायचं?" मग त्यांची नजर कुत्रीकडे गेली. "सत्याप्पा, ह्ये काय काढलंस?"

"पोहणी, अण्णा. उलीसं. एक फेरा."

अण्णांनी क्षणभर विचार केला. जत्रा दारात, गावचं मैदान, आणि सत्याप्पा त्यांचा जुना माणूस. "दोरी सोडू नकोस म्हंजे झालं," ते म्हणाले.

सत्याप्पानं बैलाला लावतात तसा कासरा कुत्रीच्या चामडी पट्ट्यात ओवला. अक्षराला त्यानं समोरच्या काठावर, रस्त्याच्या बाजूला पाठवलं. "तितनं हाक मार. सरळ तुझ्याकडं ईल." मग सुतळीला दोन्ही हातांत उचललं. तिचे चारही पाय ताठ झाले होते आणि शेपूट पोटाखाली गेली होती. त्यानं तिला अलगद पाण्यात सोडलं.

ती बुडाली, वर आली आणि पाय मारायला लागली.

"बघ! बघ!" सत्याप्पा ओरडला. "म्हणलं नव्हतं?"

ती खरंच पोहत होती. पण बैल पोहतो तशी नाही. बैलाची पाठ पाण्याला समांतर राहते. हिचं डोकं आणि पुढचे पाय वर, मागचा भाग खाली, खाली. अंगावर चरबीचा थेंब नाही, मागचं धड दगडासारखं ओढत होतं. पुढचे पंजे पाण्याबाहेर येऊन छपाछप आपटत होते. घाबरून तिनं मागं वळून डोकं झटकलं, सत्याप्पानं कासरा ओढला, आणि पट्टा तिच्या कानांवरून निसटून बाहेर आला.

मुधोळ कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. पट्टा कितीही आवळा, भिजला की निघतो. हे सत्याप्पाला माहीत नव्हतं. त्याच्या हातात कासरा राहिला आणि कासऱ्याच्या टोकाला रिकामा पट्टा.

"सुतऽऽळे!"

अक्षराची हाक ऐकताच कुत्री वळली आणि तिच्याकडे निघाली. काठाला पोचली. पुढचे पंजे कागदावर पडले. नखं घासली, चर्रर्र आवाज झाला आणि ती खाली घसरली. पुन्हा वर. पुन्हा चर्रर्र. अक्षरा काठावर पालथी पडली आणि हात लांबवला. बोटं आणि नाकाच्या मध्ये हातभर काळा कागद. तो उन्हात चमकत होता आणि शेवाळानं बुळबुळीत झाला होता.

"आप्पा! तिला चढाय येईना!"

सत्याप्पानं पटका फेकला आणि एक पाय कागदावर टाकला. नेमिनाथअण्णांनी मागून त्याच्या बंडीला हात घातला.

"खुळा झालास व्हय? उतरशील. वर कुठनं येशील?"

"सोडा, अण्णा!"

"सोडत न्हाय! पलीकडच्या गावात दोघं गेली असल्याच होंड्यात. पवणारी माणसं!"

शेडमधल्या बायका धावत आल्या. रस्त्यावरून जाणारा साईराज गाडी टाकून जाळीला चिकटला. आणि मग सगळेच ओरडायला लागले. सत्याप्पा या काठावरून "ये, ये!", बायका त्या काठावरून "यू यू यू!", साईराजनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. सुतळी प्रत्येक आवाजाकडे वळत होती. शिट्टीकडे निघायची, अर्ध्यावर सत्याप्पाकडे फिरायची, परत अक्षराकडे. पाण्याच्या मध्यावर ती गोल गोल फिरायला लागली. नाक एकदा पाण्याखाली गेलं. वर आलं तेव्हा ती खोकली.

अक्षरा उठून उभी राहिली. पोहणाऱ्या कुत्रीकडे न बघता तिनं आधी होंड्याचे चारही काठ बघितले. तीन बाजूंना नुसता कागद. चौथ्या कोपऱ्यात मोटरचा पाइप पाण्यात उतरला होता आणि काठावर तो बांधलेला लोखंडी खांब होता. धरायला, बांधायला काही असेल तर तिथंच.

"आई! तरट! खांबाला बांध!" ती धावत सुटली आणि धावता धावताच किंचाळली, "गप बसा सगळी! कोणी हाक मारायची न्हाय! अण्णा, तुमीबी!"

नेमिनाथअण्णांना गावात असं कोणी बोललेलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडं होतं ते मिटलं. सत्याप्पानं हातानं स्वतःचं तोंड दाबलं. साईराजची शिट्टी बंद झाली. एकदम इतकी शांतता झाली की कुत्रीचा श्वास ऐकू यायला लागला, घरघरणारा, पाणी मिसळलेला.

सोनुबाई तरटाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन आली. दुसरं टोक प्रेमलाकाकींनी धरलं होतं. जोडलेलं, लांबलचक तरट. खांबाला सोनुबाईची गाठ बसेना, तेव्हा अण्णाच पुढे झाले. त्यांनी बोदाला मारतात तशी गाठ मारली. मोकळ्या टोकात एक वीट गुंडाळली आणि तरट कागदावरून पाण्यात सोडलं. वीट बुडाली. तरट भिजलं आणि कागदाला चिकटून बसलं.

"फाटला तर?" सोनुबाईच्या तोंडून निघून गेलं.

"फाटू दे," अण्णा म्हणाले.

अक्षरा तरटाच्या माथ्यावर उभी राहिली. दोन टाळ्या. "सुतऽऽळे!"

मध्यावर फिरणारं डोकं थांबलं. कान उचलले गेले. पहाटेच्या माळावर जशी यायची तशी ती सरळ रेषेत निघाली. फक्त आता माळ पाण्याचा होता आणि ती फार हळू येत होती. अर्ध्या वाटेवर नाक पुन्हा बुडालं. दोन टाळ्या. वर आलं. आणखी थोडं. पाठ तर दिसतच नव्हती, पाण्यावर नुसतं नाक आणि दोन डोळे.

"ये माझे बाय, ये, ये," सोनुबाई पुटपुटत होती, पण आवाज फुटू देत नव्हती.

पंजा तरटावर पडला. नखं रुतली. या वेळी चर्रर्र झालं नाही. दुसरा पंजा. पण मागचं धड पाण्यात लोंबत होतं आणि ते उचलायचा जोर तिच्यात उरला नव्हता. ती तिथंच लटकून राहिली. अक्षरा तरटावर पालथी पडली आणि डोकं खाली करून सरपटत उतरायला लागली. मागून सत्याप्पानं तिचे दोन्ही घोटे पकडले. सत्याप्पाला अण्णांनी कमरेला धरलं. अक्षराचा एक हात कुत्रीच्या मानगुटीला पोचला, दुसरा शेपटीच्या मुळाला.

"ओढा!"

सगळे एकदम मागे पडले. अण्णा बांधावर बसकन बसले, त्यांच्या अंगावर सत्याप्पा, आणि वर पोरगी आणि कुत्री एकमेकींत गुंतलेल्या. अक्षराच्या कोपरांची सालपटं निघाली होती. सत्याप्पानं सुतळीला मागचे पाय धरून उचलून डोकं खाली धरलं. तिच्या तोंडातून पाणी पडलं, मग फेस, मग ती खोकली, शिंकली आणि भेलकांडत उभी राहिली.

बायका हसायलाही लागल्या आणि रडायलाही. "लई भारी!" जाळीपलीकडून साईराज ओरडला. "एक नंबर!" मग त्याला आठवलं की ही आपल्या बुलेटची विरोधक, आणि तो गाडी चालू करून निघून गेला.

निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यात श्रद्धा नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सुतळीची छाती दोन्ही बाजूंनी बराच वेळ ऐकली आणि इंजेक्शन दिलं.

"पाणी छातीत गेलंय. आज बरी दिसंल, उद्या धाप लागू शकते. श्वास जोरात चालला तर लगेच आणा. आणि ओडसबेडा. पळवायचं नाही, आठ दिवस अजिबात."

"रविवारी मैदान हाय, बाई," सत्याप्पा म्हणाला.

"मैदान पुन्हा ईल. फुप्फुस पुन्हा येत नाही."

"पर कुत्रं तर पवतंयच की, बाई. सगळी पवत्यात."

"पाय सगळीच मारतात, सत्याप्पा. तरंगत सगळी नाहीत. ही जात पळायला केलीय. आणि पोहणाऱ्यालाही चढायला जागा लागते. पुन्हा कधी पाण्याजवळ न्यायची असेल तर मानेला दोरी नको, छातीभोवतीचा पट्टा घ्या. शहरात कुत्र्यांना पोहायचं जाकीटसुद्धा मिळतं."

"कुत्र्याला जाकीट!" बाहेर आल्यावर सत्याप्पा हसायला गेला, पण घरच्या दोघीही हसल्या नाहीत.

"बैलाचं डोस्कं रुंद असतंय," सोनुबाई म्हणाली. "हिचं डोस्कं कधी बघितलंसा?"

घरी गेल्यावर सत्याप्पानं रिकामा पट्टा खिळ्याला टांगला आणि तो सुतळीच्या शेजारी पोतं टाकून बसून राहिला, तिच्या बरगड्यांवर तळहात ठेवून. श्वास मोजता येतो का, ते बघत. दुसऱ्या दिवशी धाप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भाकरीवर झडप घातली.

"आप्पा," अक्षरा म्हणाली, "नाव मागं घ्याय कोण जाणार?"

"मी घातलं पाण्यात," सत्याप्पा म्हणाला. "मीच जातो."

देवळापुढच्या मांडवात तो गेला तेव्हा सगळी पोरं तिथंच होती. "सुतळी न्हाय पळायची," तो म्हणाला. क्षणभर कोणाला खरं वाटलं नाही. मग साईराज म्हणाला, "भिजली व्हय, आप्पा? भिजलेली सुतळी वाजत न्हाय!" मांडवभर हशा पिकला. सत्याप्पानं पटका नीट केला आणि तो आला तसा गेला.

तरट मात्र होंड्यातच राहिलं. अण्णांनी कागद तपासला, तो फाटला नव्हता. प्रेमलाकाकी रोज सकाळी चाळण घेऊन जायच्या आणि आधी तरट निरखायच्या. मातीचा ठसा, शेपटीची रेघ, काहीतरी. काही नसायचं. चाळणीतही काही येत नव्हतं, पण त्यांना तेवढं पुरत नव्हतं.

"काय म्हणतोय तुझा जिना?" अण्णा चहा पिताना विचारायचे. "गिऱ्हाईक आलं का न्हाय अजून?"

"ईल," काकी म्हणायच्या.

रविवारी माळावर माणूस मावत नव्हता. हलगी कडाडत होती, भंडाऱ्यानं कपाळं पिवळी झाली होती आणि माइकवाला मराठीत सुरू केलेलं वाक्य कन्नडमध्ये संपवत होता. दोरीच्या या बाजूला अक्षरा सुतळीला घेऊन उभी होती. छातीभोवती नवा पट्टा. प्रत्येक फेरी सुटली की सुतळीचं सगळं अंग थरथरायचं, तोंडातून बारीक किंकाळी निघायची आणि अक्षराचे पाय मातीत घसरायचे.

"न्हाय गं, आज न्हाय," ती कानात सांगायची.

शेवटच्या फेरीत बुलेट सुटला तो धुरळ्यातून गोळीसारखा. गर्दी दोरी तोडून आत घुसली. साईराजला फेटा बांधला गेला, बुलेटच्या गळ्यात हार पडला, आणि ऊन असं होतं की कुत्र्याची जीभ जांभळी पडून हातभर बाहेर आली होती. त्याचे पाय लटपटत होते.

"तापलाय! पोहणी द्या त्याला!" कोणीतरी ओरडलं.

"होंड्यात घाला, होंड्यात!"

हलगी पुढे, साईराजच्या खांद्यावर बुलेट, मागे सगळी जत्रा, अशी मिरवणूक अण्णांच्या मळ्याकडे वळली. अक्षरानं ते बघितलं आणि सुतळीला घेऊन आडवाटेनं पळत सुटली. पण ती पोचली तेव्हा सत्याप्पा आधीच तिथं होता. फाटकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून.

"बाजूला व्हा, आप्पा," साईराज म्हणाला.

"बादलीनं पाणी घाल. पोटाला, पायाला. होंड्यात न्हाय."

"अवो, कट्ट्यावर सांगत फिरलासा ते तुमचंच वाक्य की! कुत्रं आईच्या पोटातनं पवत येतंय!"

गर्दी हसली. सत्याप्पाही थोडा हसला.

"व्हय. मीच म्हणालतो. आन् पवतंयबी. पर निघायचं कुठनं, ते त्याला आईच्या पोटात कोण सांगत न्हाय."

"तुमची सुतळी. माझा बुलेट हाय."

"बरं. मग आधी तू उतर. कमरेला कासरा बांधतो. कागदावरनं चार पावलं चढून दाखव, आन् मग खुशाल घाल त्याला."

"त्यात काय!" साईराजनं खांद्यावरचा बुलेट खाली उतरवला, मोबाईल अक्षराच्या हातात दिला. गर्दीतून पुढे आलेल्या सोनुबाईनं कुत्र्याला लगेच झाडाखाली ओढलं आणि पोटावर बादली रिकामी केली. सत्याप्पानं फाटक उघडलं, साईराजच्या कमरेला कासरा बांधला आणि नेमिनाथअण्णांबरोबर मिळून तो धरला. हलगी वाजतच होती. साईराज फेट्यासकट कागदावर बसला, घसरत खाली गेला आणि गळ्यापर्यंत पाण्यात बुडाला.

मग तो चढायला लागला. एक पाऊल, चर्रर्र, खाली. बोटं रोवून पुन्हा. चर्रर्र, खाली. गुडघ्यावर. खाली. फेटा सुटला आणि पाण्यावर पसरला. हलगीवाल्याच्या हातातली काडी थांबली. साईराजच्या तोंडावरचं हसू कधी गेलं ते कोणाला कळलं नाही.

"ओढा की, आप्पा!" तो म्हणाला. आवाज चिरकला होता.

"दोरी घट हाय, भिऊ नको. पर कुत्र्याला कोण ओढणार?" सत्याप्पा म्हणाला. "वाट शोध."

साईराज चारही काठांकडे बघायला लागला. तेव्हा कोपऱ्यावरच्या खांबाजवळून दोन टाळ्या आल्या.

"सायऽऽराजे!"

अक्षरा तिथं उभी होती. शेजारी सुतळी, कान उभे करून, जोरजोरात भुंकत. अख्खी जत्रा खदखदून हसली. साईराज हाकेच्या दिशेनं निघाला. पाय मारत, तोंड वर धरून. हात तरटावर पडला. बोटं रुतली. तो चार पायांवर एकेक हात टाकत वर आला, काठावर पालथा पडला आणि खोकला.

प्रेमलाकाकी चाळणीचा बांबू टेकवून पुढे आल्या. त्यांनी वाकून त्याचा चेहरा नीट बघितला, मग वळून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, या इकडं. गिऱ्हाईक आलं."